अनवस्थानिर्णयाचा पूर्वपक्ष

नानासाहेब काशीत बारा वर्षे न्यायशास्त्र शिकून औरंगाबादेस परतले. खडकेश्वराजवळच्या आपल्या घरी त्यांनी अध्यापन आरंभिले तेव्हा एकच नियम केला : येईल त्याला शिकवावयाचे, त्याची जात विचारावयाची नाही. या नियमापायी आरंभी येऊ लागलेले सगळे येईनासे झाले. सन एकोणीसशे छत्तीसमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मी पाचोडहून त्यांच्याकडे आलो. आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या कपाशी आणि बाजरी. शाळा निजामी अमलातली, सगळी उर्दूत. संस्कृत शिकणारा मुलगा ही आमच्या भावकीत थट्टेची गोष्ट होती. नानांच्या ओसरीवर मात्र मी एकटाच शिष्य होतो. भिंतीला टेकून नाना, त्यांच्या उजव्या हाताशी माझी सतरंजी, आणि समोर रिकामी ओसरी. तेरा वर्षे असे चालले. अपवाद होऊन राहण्यात एक सुख असते. ते मी पोटभर भोगले.

निजामी अमल संपविणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्या वर्षी बिरू आला. वेरूळपलीकडल्या डोंगरात त्याच्या घरची मेंढरे चरत. एकोणीस वर्षांचा, अंगाने काटक, बोलण्यात कमी. आला तो उंबऱ्याशीच बसला.

"तिथं का बसला?" नाना म्हणाले. "रामकिसन, जरा सरक. त्याला आत येऊ दे."

मी माझी सतरंजी वीतभर बाजूला ओढली. ती वीत मला अद्याप आठवते.

त्याच सुमारास मी ग्रंथलेखनास हात घातला होता. शास्त्रात अनवस्था नावाचा एक दोष सांगितला आहे. एका गोष्टीला दुसरीचा आधार, दुसरीला तिसरीचा, तिसरीला चौथीचा, आणि तळ म्हणून कधी लागतच नाही, अशी जी साखळी ती अनवस्था. वादात तुमच्या म्हणण्यात कोणी अनवस्था दाखवून दिली की तुम्ही हरलात. परंतु साखळी नुसती लांब आहे की अनंत आहे, हे चालून पाहिल्याखेरीज कळावे कसे? हजार पावले चालून तळ लागला नाही, तरी हजार एकाव्या पावलास तो लागणार नाही असे कोणी म्हणावे? या प्रश्नाचा कायमचा निकाल लावावयाचा, असे मी ठरविले. नियम कोणतेही असोत, आरंभ कोठूनही असो, माझ्या ग्रंथातील कसोट्या क्रमाने लावल्या की ती प्रक्रिया थांबेल की अखंड चालेल, हे न चालताच सांगता यावे. ग्रंथाचे नाव मी ठेविले अनवस्थानिर्णय.

दिवसा शाळेत संस्कृत शिकवावे, सायंकाळी लिहावे, रविवारी सकाळी नानांना वाचून दाखवावे. बावीस वर्षांत तीनशे चाळीस पाने झाली, कसोट्या चौदा झाल्या. नानांनी शब्द दिला होता की ग्रंथ पुरा झाला म्हणजे सभा भरवू, आणि सभेतून तो तरला तर त्याच्या पहिल्या पानावर माझी चार ओळींची संमती छाप. नानांच्या नावाच्या त्या चार ओळी हेच माझे साध्य होते. कीर्ती, पदवी, दुसरे काही मला नको होते.

दरम्यान बिरूने गणित घेतले. त्यात तो एम. ए. झाला, पुढे उत्तरेत एका संस्थेत गणकयंत्र आले होते तिथे दोन वर्षे राहिला, आणि सन सत्तरमध्ये शहरातल्या एका महाविद्यालयात अध्यापक होऊन परतला. तोवर काचबिंदूने नानांची दृष्टी जवळजवळ गेली होती. रविवारी तो पुन्हा ओसरीवर येऊ लागला. मेंढरे राखणाऱ्याचा मुलगा आता पांढरा सदरा घालून येई, परंतु बसे उंबऱ्याशीच. नाना त्याला हाताने चाचपून जवळ बोलावीत.

एके रविवारी तो शाईच्या रेघांनी चौकोन पाडलेली कागदाची एक लांब पट्टी घेऊन आला.

"नाना, समजा अशी पट्टी हाय. तिला शेवट नाय. एका घरावर एक माणूस उभा हाय. त्याला अक्कल मुळीच नाय."

"मग रामकिसनच्या शाळेतला हेडमास्तर घे," नाना म्हणाले.

"त्याच्याजवळ नियमांचा एक कागद. घरात खूण असंल तर पुसायची, नसंल तर काढायची, मंग एक घर डावीकडं नायतर उजवीकडं सरकायचं. एवढंच. दुसरं काही त्याला येत नाय."

"आणि एवढ्यावर काय होतं?"

"एवढ्यावर सगळं होतं. पायरीपायरीनं जे जे गणित करता येतं ते ते सगळं. त्या मोठ्या यंत्राच्या पोटात बी दुसरं काही नाय, नाना. पट्टी आन् नियम."

आतून नानांच्या पत्नी, आमच्या द्वारकाकाकू, लाह्यांचे ताट घेऊन आल्या. "नुसता कागद काय दाखवता त्यांना? दिसतंय का काही?" त्या म्हणाल्या. "लाह्या मांडा. हाताला तरी लागतील."

मग भरल्या घरात लाही, रिकाम्या घरात काही नाही, असा खेळ सुरू झाला. नाना बोटाने घर चाचपीत, लाही उचलीत किंवा ठेवीत, एक घर सरकत. ब्याऐंशी वर्षांचा तो महानैयायिक लहान मुलासारखा पुटपुटत होता, "आता डावीकडं. आता थांब." पाच लाह्या आणि तीन लाह्या यांची बेरीज त्यांनी बेरीज हा शब्द न उच्चारता केली. मग थबकून म्हणाले, "पण हे करणाऱ्याला कळतंय कुठं तो बेरीज करतोय म्हणून?"

"नाय कळत. कळायची गरज नाय. आमच्या आईला, पुतळाबाईला, वीसच्या पुढं मोजता येत नाय. पण सांजच्याला मेंढरं वाडग्यात शिरताना एका मेंढरामागं एक खडा एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत. सकाळी सोडताना उलटं. दोनशे मेंढरं हायत, आजवर एक चुकलं नाय."

नानांनी हातातली लाही खाली ठेविली. मग म्हणाले, "काशीत बारा वर्षं बसलो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

बावीस वर्षे मी त्यांना वाचून दाखवीत होतो. त्यांच्या तोंडून असे वाक्य मला कधी मिळाले नव्हते. मला ते विचारीत, "कुठवर आलं?" बिरूला विचारीत, "पुढं काय?" या दोन प्रश्नांतील अंतर ज्याला कळत नाही त्याने मत्सर म्हणजे काय हे जाणले नाही. मला तर त्याच्या आईचाही मत्सर वाटला. माझ्या आईला शंभरापर्यंत मोजता येत असे, आणि तिच्यापासून मी काहीच शिकलो नव्हतो.

नानांनीच विषय काढला. "बिरू, रामकिसनचा ग्रंथ यावरच आहे बघ. हा तुझा अक्कलशून्य माणूस थांबेल की नाही, ते हा आधीच सांगतो."

बिरूने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला तेव्हा ओळखता आले नाही. पुढे कळले की ती कणव होती.

"दादा," तो म्हणाला, "एक साधा नियम सांगतो. आकडा घ्यायचा. सम असंल तर निम्मा करायचा. विषम असंल तर तिप्पट करून एक मिळवायचा. एक हाती आला की थांबायचं. सत्तावीसपासून सुरू केलं तर थांबतं का?"

मी तिथेच कागद घेतला. सत्तावीसचे ब्याऐंशी, ब्याऐंशीचे एक्केचाळीस, एक्केचाळीसचे एकशे चोवीस. संख्या वर जात, खाली येत, पुन्हा वर जात राहिली. त्रेसष्टाव्या पावलास ती तीन हजार दोनशे अडतीस झाली. माझी नववी कसोटी सांगत होती की जी प्रक्रिया पुनरावृत्तीवाचून आरंभाच्या शतपटीपलीकडे जाते ती अनवस्थेस जाते. मी लेखणी ठेविली आणि म्हणालो, "अनवस्था. हे थांबणार नाही."

"बरं," बिरू म्हणाला. "घरी सवडीनं थोडं पुढं चालवा, दादा."

घरी मी ते पुढे चालविले. सत्त्याहत्तराव्या पावलास नऊ हजार दोनशे बत्तीस. तिथून उतार लागला. एकशे अकराव्या पावलास हाती एक आला. मी तो कागद चार वेळा तपासला. पत्नीने जेवण्यास हाक मारली. मी म्हणालो, भूक नाही.

पुढल्या रविवारी नानांनी विचारले, "त्या सत्तावीसचं काय झालं?"

मी तोंड उघडण्याआधीच बिरू म्हणाला, "त्यात अजून बघण्यासारखं लई हाय, नाना. दादा बघतायत."

त्याने माझी लाज राखिली. दुसरा कोणी असता तर मी त्याचे पाय धरले असते. बिरूचे पाय धरावे असे मला वाटले नाही. त्याने ते सांगून टाकले असते तर बरे, असे वाटले. मी नववी कसोटी दुरुस्त केली आणि शेवटी पंधरावी जोडली. नानांना म्हणालो, ग्रंथ पुरा झाला, सभा भरवावी.

त्यावर बिरू प्रथमच आपण होऊन बोलला. जमिनीकडे पाहत म्हणाला, "दादा, पंधरा काय आन् पंधराशे काय. अशी कसोटीच असू शकत नाय. ते शाबीत झालेलं हाय. विलायतेत एका पोरानं केलंय. मी त्याच्या मांडणीवरून सांगू?"

त्याने सांगितले. त्याची रीत गणिताची होती : प्रत्येक नियमाला एक अंक, अंकांची यादी, यादीचे उभेआडवे कोष्टक, कोष्टकाची तिरपी रेघ. मला त्यातले पुष्कळसे कळले. कळावयास नको होते, इतके कळले. नानांना ते कळेना.

"बिरू, माझ्या डोळ्यांना आता कोष्टकं दिसत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "पण तू खोटं बोलणार नाहीस. तेव्हा असं करू. माघात सभा घेऊ. घरच्या रीतीनं."

नानांच्या घरची रीत अशी होती. ग्रंथावर जो आक्षेप असेल तो पूर्वपक्ष. तो आक्षेप घेणाऱ्याने मांडावयाचा नाही. तो ग्रंथकाराने स्वतःच्या मुखाने मांडावयाचा, जणू काही तेच आपले मत आहे. आक्षेपकाने मध्ये एक अक्षर बोलावयाचे नाही. मांडणी संपली म्हणजे त्याला विचारावयाचे, हेच का तुझे म्हणणे? तो हो म्हणाला तरच ग्रंथकाराने उत्तर देण्यास आरंभ करावयाचा. नाना म्हणत, दुसऱ्याचे म्हणणे ज्याला त्याच्याइतके नीट सांगता येत नाही, त्याने ते खोडू नये.

म्हणजे बिरूचा आक्षेप नानांपर्यंत पोहोचावयाचा होता तो माझ्या जिभेवरून. कोष्टके त्यांना दिसत नव्हती. मी जे सांगेन तेवढेच ते ऐकणार होते.

मी दोन पूर्वपक्ष लिहिले. एक पूर्ण. दुसऱ्यात एक पायरी गाळलेली. ती पायरी अशी नाजूक होती की गाळली तरी मांडणी अखंड दिसे, आणि मग तिला उत्तर देणे एखाद्या विद्यार्थ्यासही जमले असते. सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी मी ते दोन्ही कागद समोर ठेवून बसलो असता बिरू सायकलवरून आला. आत आला नाही. अंगणातच उभा राहिला.

"दादा, एक बोलायचं होतं. राग मानू नका."

"बोल."

"उद्या तुम्ही कसंबी मांडा. अर्धं मांडा, वाकडं मांडा. नानांनी मला विचारलं की मी व्हय म्हणंन. ग्रंथ छापू द्या. नानांचं वय बघा, तुमची बावीस वर्षं बघा. विलायतेतल्या कागदाला काय, तो तिथं हायच."

मी दोन्ही कागद पालथे घातले.

"मला तुम्हीच पहिलं वाक्य लावायला शिकवलं, दादा. मी इसरलो नाय."

हे खरे होते. नानांनी सांगितले म्हणून, मनात नसताना, मी त्याला पहिले सहा महिने शिकविले होते. तो गेला. मला त्याने भिक्षा घातली होती. माझ्या आयुष्याचा ग्रंथ तो मला दान म्हणून देत होता, आणि देताना सायकलचे हँडल धरून खाली मान घालून उभा होता. गाळलेल्या पायरीचा कागद मी चुलीत घातला. वाचणाऱ्याने येथे माझ्या सत्यनिष्ठेची स्तुती करू नये. सत्याचा विचार त्या वेळी माझ्या मनात नव्हता. बिरूच्या कृपेने मोठे होणे मला सोसवणार नव्हते, एवढेच. आणि त्याहून खोल आणखी एक गोष्ट होती. त्याला जे नानांना समजावून सांगता आले नाही, ते मी त्याच्यासमोर सांगून दाखविणार होतो.

माघ शुद्ध दशमीस सकाळी सभा झाली. पैठणहून दोन वृद्ध शास्त्री आले होते. ओसरीवर नाना भिंतीला टेकून, बिरू उंबऱ्याशी, द्वारकाकाकू आतल्या दाराआड सूप घेऊन. मी नानांना नमस्कार केला आणि पूर्वपक्षास आरंभ केला.

"या ग्रंथाचा कर्ता म्हणतो," मी म्हणालो, "की कोणतेही नियम माझ्याकडे आणा, ते पाळणारा माणूस थांबेल की नाही हे मी सांगेन. मी म्हणतो, त्याला ते सांगता येणार नाही. कल्पना करा की या नगरात प्रत्येक माणसाच्या हाती एकेक आज्ञापत्र आहे आणि त्यात लिहिले असेल तेवढेच तो करतो. एकाचे पत्र म्हणते, पैठण दरवाज्यापाशी बस. तो बसतो, तो थांबला. दुसऱ्याचे म्हणते, पैठण दरवाज्यावरून भडकल दरवाज्याला जा, तिथून दिल्ली दरवाजा, तिथून रोशन दरवाजा, तिथून पुन्हा पैठण दरवाजा, आणि पुन्हा तेच. तो फिरतच राहतो. काही पत्रे इतकी गुंतागुंतीची आहेत की वाचून काही उमगत नाही. यासाठी ग्रंथकर्त्याने एक निर्णायक नेमला. कोणाचेही पत्र त्याला द्या, तो कसोट्या लावतो आणि दोहोंपैकी एकच उत्तर देतो : हा बसेल, किंवा हा फिरत राहील. तो गप्प राहत नाही आणि चुकत नाही."

"बरं," नाना म्हणाले.

"आता हा निर्णायक कोण? तो ऋषी नव्हे, त्याला दिव्यदृष्टी नाही. तो म्हणजे पंधरा कसोट्या, ओळीने लिहिलेल्या. त्याही आज्ञाच. ज्याला त्या वाचता येतात त्याला निर्णायकाकडे जाण्याचे कारण नाही. घरबसल्या तोही तोच निर्णय काढील. ग्रंथकर्ता तर हा ग्रंथ छापणार आहे. छापला की तो कोणाच्याही हाती पडणार."

हीच ती पायरी. ती उच्चारताना मी बिरूकडे पाहिले. त्याने मान वर केली होती.

"तो एका हटवाद्याच्या हाती पडतो. हटवाद्याच्या आज्ञापत्रात लिहिले आहे : हे पत्र, म्हणजे तुझेच पत्र, घे. ग्रंथातल्या पंधरा कसोट्या त्याला लाव. निर्णय निघाला की तू बसशील, तर ऊठ आणि दरवाज्यांना फेऱ्या घाल, कधी थांबू नकोस. निर्णय निघाला की तू फिरत राहशील, तर तिथेच बस. आता सभेने सांगावे, या पत्राविषयी निर्णायक काय म्हणेल? बसेल म्हणाला, तर हटवादी उठून चालू लागतो. फिरेल म्हणाला, तर तो पैठण दरवाज्यात मांडी घालून बसतो. गप्प राहावयाची निर्णायकास मुभा नाही. काहीही म्हणो, तो खोटा ठरतो. पंधरा कसोट्यांऐवजी सोळा करा. हटवादी नवी आवृत्ती विकत घेईल. म्हणून असा निर्णायक नाही, आणि कधी होणार नाही."

 आतून सुपाचा आवाज थांबला होता. पैठणच्या शास्त्र्यांपैकी एक स्वतःशीच हसला आणि त्याने मांडीवर थाप मारली.

नाना म्हणाले, "बिरू, हेच का तुझं म्हणणं?"

बिरूने आधी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "व्हय, नाना. पण मला असं सांगता आलं नसतं. वर्गात दोन वर्षं सांगतोय, एका पोराला कळलं नाय."

त्या क्षणी मला जो आनंद झाला तसा आयुष्यात पुन्हा झाला नाही. तो दोन-तीन श्वास टिकला.

"आता उत्तर," नाना म्हणाले.

मी ग्रंथाच्या बासनावर हात ठेवून बसलो होतो. तीनशे चाळीस पाने आणि त्यांना जोडलेली पंधरावी कसोटी. उत्तरपक्षाचे एक वाक्य माझ्यापाशी नव्हते. पूर्वपक्ष मांडण्याच्या ईर्षेत मी ते करावयाचेच विसरलो होतो, असे कोणास वाटेल, तसे नव्हते. महिनाभर शोधूनही ते सापडले नव्हते, आणि तरीही मी सभेस आलो होतो.

"उत्तर नाही, नाना."

"एकही नाही?"

"एकही नाही."

नानांनी डोळे मिटले. "संमती देता येत नाही, रामकिसन."

"होय."

"पस्तीस वर्षं तू माझ्यासमोर बोलतो आहेस. मी कर्तव्य म्हणून ऐकत आलो, तुला सांगायला हरकत नाही आता. आज मात्र वाटलं, यानं अजून थोडं बोलावं."

हे त्यांनी प्रेमाने म्हटले. मी ते वाक्य घरी नेले आणि कितीतरी दिवस फिरवून फिरवून पाहिले. त्याचा अर्धा भाग माझी बावीस वर्षे पुसत होता, आणि उरलेला अर्धा ज्या गोष्टीची स्तुती करीत होता ती माझी नव्हती.

जेवणाची पाने मांडली गेली. द्वारकाकाकू मला पुरण वाढताना म्हणाल्या, "काय रे, हरला म्हणं?"

"हरलो, काकू."

"मला तर वाटलं तूच जिंकला. बोलणं तुझंच चाललं होतं." आणि बिरूच्या पानाकडे वळून म्हणाल्या, "आन् तू रे, न बोलता जिंकतो व्हय? गप्प्या कुठला. घे अजून."

परतताना बिरू सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आला. आम्ही औरंगपुऱ्यापर्यंत आलो. मग मी विचारले, "ज्याने हे शोधले तो विलायतेतला मनुष्य. तेव्हा किती वर्षांचा होता?"

"चोविशीतला असंल, दादा."

"कोणत्या साली?"

"छत्तीस साली."

छत्तीस साली मी नानांच्या ओसरीवर पाय ठेविला होता. अनवस्था हा शब्द मी ज्या वर्षी प्रथम ऐकला, त्याच वर्षी दूर देशी कोणी पोरगेला माणूस माझ्या ग्रंथाचे उत्तर लिहून मोकळा झाला होता. ग्रंथास आरंभ होण्यापूर्वी तेरा वर्षे तो खोडून ठेवलेला होता. बिरूवरचा माझा मत्सर क्षणभर सैल झाला, कारण त्याला धरावयास याहून मोठी वस्तू सापडली.

"तो आहे का अजून?"

"नाय. एक्केचाळिसाव्या वर्षीच गेला."

मला बरे वाटले. लिहावयास संकोच वाटतो, परंतु ज्या लेखनात आपले पातक गाळावयाचे ते लेखन करू नये असे नानांनीच शिकविले आहे. एक अनोळखी, अल्पायुषी, बुद्धिमान मनुष्य मेला हे ऐकून मला भर रस्त्यात बरे वाटले. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो आणि जिवंत होतो. त्याच्यावर मात करण्यासारखे माझ्यापाशी तेवढेच होते.

बिरू घुटमळला. "दादा, एक मागू का? तो दरवाज्यातला हटवादी. वर्गात सांगू का मी? पोरांना चटकन कळंल. कोष्टकानं कळत नाय."

"कोणाचा म्हणून सांगशील?"

"तुमचा म्हणून. रामकिसनदादांचा."

"आडनावासकट सांग," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याने खिशातून लहानशी वही काढली, सायकल कमरेला टेकविली, आणि माझे पूर्ण नाव लिहून घेतले.

ग्रंथ मी पेटीत ठेविला. नाना पुढल्याच वर्षी गेले. आता महाविद्यालयांतून संगणकाचे वर्ग निघाले आहेत, आणि बिरू दरवर्षी तो विषय शिकवितो. तो खरोखर माझे नाव घेतो की नाही, याविषयी माझे मन साशंक राहिले. म्हणून एका वर्षी काही निमित्त काढून मी त्याच्या महाविद्यालयात गेलो आणि वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, खिडकीच्या पलीकडे, उभा राहिलो. त्याची गोष्ट पैठण दरवाज्यापासून निघाली होती. मुले हसत होती. हटवादी मांडी घालून बसला तेव्हा मागल्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, "आलं लक्षात, सर."

मग बिरूने माझे नाव सांगितले. आडनावासकट, सावकाश, फळ्यावर लिहून.

"ते कोण, सर?" एका मुलीने विचारले.

"माझे गुरुबंधू. हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं."

मी व्हरांड्यातून परत फिरलो. घरी येईपर्यंत मला राहून राहून एकच वाटत होते, की त्याने नाव गाळले असते तर मला निदान एकदा, मनापासून, त्याच्यावर रागावता आले असते.